हेलहॅमर - 'डीमन एन्ट्रेल्स' (डबल सीडी): कोणी घ्यावी, कोणी अजिबात घेऊ नये

आधीच सांगून टाकतो, गिटार स्वच्छ ऐकू आली पाहिजे, ड्रम तालात पाहिजेत, गाणारा सुरात नसला तरी निदान सुराच्या गावात तरी राहणारा पाहिजे अशी ज्यांची अट आहे त्यांनी ही सीडी घेऊ नका, तेवढ्या पैशात दुसरं काहीतरी छान येईल. आणि ज्यांना मेटल म्हणजे मेटालिका, मेडन, फार फार तर स्लेयर, त्यांनी आधी यूट्यूबवर दोन गाणी ऐका आणि मग ठरवा. मला विचाराल तर मी ही सीडी पाचपैकी साडेचार देऊन मोकळा झालोय, पण साडेचार का आणि अर्धा कुठे गेला हे सांगायला जरा वेळ लागेल.

तर ही आहे काय? हेलहॅमर नावाचा स्वित्झर्लंडमधला बॅंड होता, १९८२ ला सुरू झाला आणि १९८४ च्या मे महिन्यात संपला, म्हणजे दोन वर्षांचा सगळा कारभार. एवढ्या वेळात एकही कॉन्सर्ट केली नाही, खरंच एकही नाही. डेमो टेपा, म्हणजे स्वस्तात केलेली कच्ची रेकॉर्डिंगं, काढल्या, एक छोटी ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा लहान रेकॉर्ड, काढली, एका कॉम्पिलेशनवर दोन गाणी दिली आणि दुकान बंद. यातल्या तीन डेमो, 'डेथ फीन्ड', 'ट्रायम्फ ऑफ डेथ' आणि 'सटॅनिक राइट्स', बॅंडच्याच लोकांनी लक्ष घालून मूळ टेपांवरून रीमास्टर करून २००८ ला सेंच्युरी मीडियातर्फे काढल्या, तीच ही 'डीमन एन्ट्रेल्स'. त्याआधी पंचवीस वर्षं लोक या डेमो कॅसेटच्या कॅसेटची कॅसेट नाहीतर बूटलेग, म्हणजे चोरून छापलेल्या प्रती, अशाच ऐकत होते, ज्यात गाणं किती आणि खरखर किती हे सांगता यायचं नाही.

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, यश चोप्रा, शिफॉनची साडी, टिटलिसवर बर्फात वडापाव खाणारी टूर कंपनीची बस. आता त्याच देशातलं झुरिकजवळचं न्युरेन्सडॉर्फ नावाचं एक गाव डोळ्यासमोर आणा, तिथला टॉम गॅब्रिएल फिशर नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्याने स्वतःचं बालपण किती वाईट गेलं ते पुढे खूपदा सांगितलंय, आणि जमिनीखालचा एक बंकर. तिकडे १९६३ च्या कायद्यापासून अणुयुद्ध झालंच तर म्हणून लोकांसाठी जागोजागी बंकर बांधून ठेवलेत, युद्ध काही झालं नाही, मग अशाच एका बंकरात हे लोक प्रॅक्टिस करायचे. जाड काँक्रीट, वर जड दार, आत जगबुडीची गाणी. सेटिंग म्हणून यापेक्षा भारी काही सुचत नाही बुवा, आणि गंमत म्हणजे यांनी ते काही ठरवून निवडलेलं नव्हतं, जागा मिळाली ती घेतली.

पहिल्या दोन डेमो जून १९८३ च्या. आपल्याकडे त्याच महिन्यात कपिल लॉर्ड्सवर कप उचलत होता. इकडे हे तिघं, टॉम गिटारवर आणि गायला, स्टीव्ह वॉरियर बेसवर आणि ब्रूस डे ड्रमवर, नावं पण अशी धमाल की टॉम स्वतःला 'सटॅनिक स्लॉटर' म्हणवून घ्यायचा आणि स्टीव्ह 'सॅव्हेज डॅमेज'. हसू येतं ना, येऊ द्या, मला पण येतं. व्हेनम, मोटरहेड आणि ब्रिटिश पंकवाले डिस्चार्ज हे तीन बॅंड यांच्या अंगात इतके भिनलेले की अर्धी गाणी त्या तिघांचीच वाटतात, फक्त वाजवायला कमी येणाऱ्या पोरांनी वाजवलेली. इंग्लिश तर विचारूच नका, ओळी अशा की इंग्लिश मीडियमच्या पाचवीतला पोरगा लाल पेन घेऊन बसेल. खरं सांगायचं तर 'डेथ फीन्ड'चा भाग मी पूर्ण असा क्वचितच ऐकतो, त्यांनी स्वतःसुद्धा ती डेमो तेव्हा धड बाहेर काढली नव्हती आणि का ते ऐकल्यावर लगेच कळतं. कागदपत्र म्हणून ठीक आहे, संग्रहात असावं, बस.

पण याच गोंधळात एक गाणं येतं 'ट्रायम्फ ऑफ डेथ' आणि इथे मात्र कान टवकारायचे. बघा, १९८३ मध्ये सगळ्या जगातल्या मेटलवाल्यांचं डोकं एकाच गोष्टीवर होतं, कोण जास्त फास्ट. मेटालिकाचा पहिला अल्बम त्याच वर्षी, स्लेयरचा पण त्याच वर्षी, सगळे पळतायत. हे आपले उलटे निघाले. रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, अगदी तोकडा, एकमेकांना चिकटून असलेले दोन-चार स्वर, सरळ स्केलमध्ये न बसणारे, गिटार इतकी खाली गुरगुरणारी की स्वर ओळखायला पण दोनदा ऐकावं लागतं, आणि वेग असा की वाटावं बॅंड वाजवता वाजवता थांबतोय की काय. त्यावर टॉम गात नाहीच, तो विव्हळतो, ओरडतो, मध्येच आवाज फाटतो आणि तो फाटलेला तसाच ठेवलाय. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं फाइल खराब आहे. मग लक्षात आलं की नाही, हे असंच आहे, आणि त्यानंतर दोन दिवस तो रिफ डोक्यातून जाईना.

माझं म्हणणं एवढंच आहे की या बॅंडची गोष्ट सांगताना लोक नेहमी 'वाजवता येत नव्हतं पण जोश होता' असं काहीतरी गोड बोलून मोकळे होतात आणि ते अर्धवट आहे. जोश काय गल्लीतल्या प्रत्येक बॅंडला असतो. यांना फास्ट सोलो जमत नव्हते हे खरं, पण मग जे जमत नाही ते लपवत बसण्याऐवजी जे जमतं, म्हणजे दोन स्वर, एक भीतीदायक आवाज आणि संथपणा, त्यालाच ओढत ओढत कुठपर्यंत नेता येईल ते बघूया असं यांनी ठरवलं. हे ठरवणं म्हणजेच प्रयोग. स्टुडिओत महागडा कीबोर्ड आणला की प्रयोग होतो असं थोडंच आहे.

हे पटत नसेल तर आता डिसेंबर १९८३ ची 'सटॅनिक राइट्स' लावा. आणि माझं ऐका, ऐकताना क्रम जून मग डिसेंबर असाच ठेवा, उलटं ऐकलंत तर अर्धी मजा जाते. फक्त सहा महिन्यांचा फरक! मध्ये काय झालं तर स्टीव्ह गेला आणि मार्टिन एरिक एन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा आला, टोपणनाव 'स्लेड नेक्रोस'. वाजवण्यात तो काही उस्ताद नव्हता पण डोकं वेगळं होतं, धर्म, गूढविद्या, इतिहास असलं काय काय वाचणारा, त्यामुळे गाण्यांचे विषय पण नुसत्या रक्त-मांसातून बाहेर यायला लागले. तुलना करायला सोपं पडावं म्हणून 'रीपर' घ्या, जूनमध्ये पण आहे आणि डिसेंबरमध्ये पण. जूनमधलं ऐकून वाटतं तिघं एकाच खोलीत तीन वेगळी गाणी वाजवतायत, डिसेंबरमध्ये तेच गाणं दात ओठ खाऊन एकत्र चाललेलं. 'मसाया' तर मास्टरपीस आहे, अजिबात घाई नाही, रिफ एकच, जवळजवळ हट्टाने परत परत, आणि त्या एकाच रिफवर अख्खं गाणं उभं. 'बरीड अँड फरगॉटन' मध्ये वेग बदलत बदलत गाणं पार चिखलात नेऊन रुतवलंय. 'द थर्ड ऑफ द स्टॉर्म्स' मात्र सुसाट, पंकचा ठेका, ज्यांना वेगच पाहिजे त्यांनी इथून सुरू करा.

आणि तो टॉमचा प्रसिद्ध हुंकार! रिफ बदलायच्या आधी किंवा मध्येच कधीही तो एक 'ऊऽऽघ' करतो, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेताना मार्केट यार्डातला हमाल जसा आवाज काढतो अगदी तसा. पुढे जगभरच्या शेकडो बॅंडनी ढापला. मी सीडी लावली की घरातले लोक गाणं ओळखत नाहीत पण हुंकार ओळखतात.

'युरिनोमस' हे गाणं पण याच डेमोवर आहे. नॉर्वेच्या मेहेम बॅंडमधल्या गिटारवाल्या युरॉनिमसचं नाव यावरून आलं आणि त्याच बॅंडच्या ड्रमरने तर सरळ 'हेलहॅमर' हेच नाव घेतलं. म्हणजे जो नॉर्वेजियन ब्लॅक मेटल नव्वदीत एवढा गाजला त्यातली अर्धी माणसं या स्विस बंकरातून नाव घेऊन गेली होती म्हणा ना.

आता तक्रार. यात 'अपोकॅलिप्टिक रेड्स' ईपी नाहीये! बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्सने, म्हणजे कार्ल-उलरिख वॉल्टरबाखच्या लेबलने, तो माणूस आधी पंकच्या रेकॉर्डी काढायचा म्हणून असला कच्चा माल ऐकून घाबरला नाही, या पोरांना मार्च १९८४ मध्ये बर्लिनला स्टुडिओत नेलं आणि ती ईपी केली. तिच्यात 'ट्रायम्फ ऑफ डेथ' साडेनऊ मिनिटांचं झालंय आणि ते या सगळ्या व्हर्जनमधलं सगळ्यात भयानक आहे, सुरुवातीची किंकाळी ऐकून माणूस रात्री दिवा लावून झोपेल. तेव्हा हेलहॅमर पूर्ण कळायचं असेल तर ती ईपी वेगळी घ्यावी लागते. माझा अर्धा मार्क तिथे गेला. 'ही डेमोंची सीडी आहे, ईपी कशाला' हे लॉजिक मला कळतं पण पटत नाही, जागा होती की.

ईपी आल्यावर समीक्षकांनी अक्षरशः सोलून काढलं. मेटल फोर्सेससारख्या मासिकांनी यांना जोक म्हणून निकालात काढलं आणि तो शिक्का पुढे कित्येक वर्षं पुसला गेला नाही, इतका की टॉम स्वतः हेलहॅमरचा विषय निघाला की वैतागायचा. मग ३१ मे आणि १ जून १९८४ च्या मधल्या रात्री टॉम आणि मार्टिन बसले आणि ठरवलं की हे नाव बंद, नवीन बॅंड, सेल्टिक फ्रॉस्ट. आणि नुसतं नाव नाही, पुढच्या रेकॉर्डींची नावं, विषय, सगळं आधीच कागदावर मांडून लेबलला पाठवलं. एक वीस वर्षांचा, एक सोळा वर्षांचा, नावावर एक बदनाम ईपी, आणि हे तीन अल्बमचं प्लॅनिंग करतायत. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सगळ्यात आवडतो. (त्यातला तिसरा अल्बम, 'नेक्रोनॉमिकॉन', त्या नावाने कधी आलाच नाही, तो भाग सोडा.)

इथून पुढचं या सीडीत नाही पण ते ऐकल्याशिवाय या डेमोंची किंमत कळत नाही म्हणून सांगतो. त्याच १९८४ च्या शेवटी सेल्टिक फ्रॉस्टचा 'मॉर्बिड टेल्स' आला, ड्रमवर स्टीफन प्रीस्टली, आणि हेलहॅमरचेच ते तोकडे रिफ, तोच हुंकार, पण आता घट्ट, धारदार. त्यात एका गाण्यात बाईचा आवाज येतो, 'डांस मकाब्र' नावाचा एक तुकडा तर गाणंच नाही, कुजबुज, व्हायोलिन, घंटा, किंचाळ्या असलं काहीतरी. थ्रॅश, म्हणजे सुसाट मेटल, ऐकायला आलेला माणूस तिथे नक्की स्किप मारत असणार. १९८५ ला 'टू मेगा थेरियन', अमेरिकन ड्रमर रीड सेंट मार्क आला आणि त्याने अख्ख्या बॅंडला पाठीचा कणा दिला, सुरुवातीलाच फ्रेंच हॉर्न वाजतो, गिटारच्या भिंतीवर हॉर्न, कव्हरवर एच. आर. गिगरचं चित्र. गिगर म्हणजे 'एलियन'साठी ऑस्कर मिळालेला त्यांच्याच देशातला कलाकार, याला या पोरांनी पत्र लिहिलं आणि त्याने चित्र वापरायला दिलं, तेही तेव्हा दिलं जेव्हा कुत्रं विचारत नव्हतं.

आणि मग १९८७ चा 'इन्टू द पॅन्डमोनियम'. बाबा रे. पहिलं गाणं कुठलं तर 'मेक्सिकन रेडिओ', म्हणजे वॉल ऑफ वूडू या अमेरिकन न्यू वेव्ह बॅंडचं गाणं, मेटल अल्बमची सुरुवात परक्या रेडिओ हिटने! पुढे एका गाण्याचे शब्द एमिली ब्रॉन्टेचे, एक अख्खं गाणं फ्रेंचमध्ये, बोदलेअरची कविता, नुसती तारवाद्यं आणि बाई गातेय. मग 'वन इन देअर प्राइड' मध्ये ड्रम मशीन आणि अपोलो मोहिमेतले रेडिओवरचे आवाज कापून लावलेले, म्हणजे जवळजवळ हिपहॉप. आणि शेवटाकडे 'रेक्स इरे', शास्त्रीय वाद्यं घेऊन केलेल्या रेक्विअमचा, म्हणजे मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना-संगीताचा, पहिला भाग. टॉम यात बऱ्याच ठिकाणी ओरडत नाही, रडका, कण्हणारा आवाज लावतो, तो बऱ्याच लोकांना सहन होत नाही आणि मला पण मूड असेल तेव्हाच होतो, उगाच कशाला खोटं बोलू. सगळंच जमलंय असं नाही. पण १९८७ मध्ये कोणाला सुचत होतं हे? लेबलशी भांडणं झाली, पैसे नाहीत, पाठिंबा नाही, बॅंड फुटला. १९८८ ला टॉमने नवीन लोक घेऊन 'कोल्ड लेक' काढला, केस फुगवून, ग्लॅमवाल्यांसारखा, त्याबद्दल मी काही बोलणार नाही, तो स्वतःच त्याला शिव्या घालतो.

मुद्दा हा की न्युरेन्सडॉर्फच्या बंकरापासून बोदलेअरपर्यंत फक्त चार वर्षं लागली. जून ८३ ते जून ८७. कुठल्याही बॅंडची अशी उडी मला दुसरी माहीत नाही, आणि या डेमो ऐकल्या की कळतं की ती उडी नव्हतीच, पहिल्या दिवसापासून यांना एका चौकटीत गाणं बसवायचंच नव्हतं, आधी साधनं नव्हती, नंतर आली. त्या रेक्विअमचंच बघा ना, पहिला भाग १९८७, तिसरा भाग सेल्टिक फ्रॉस्टच्याच २००६ च्या 'मोनोथीइस्ट' अल्बमवर, आणि मधला राहिलेला दुसरा भाग टॉमने शेवटी २०१९ ला हॉलंडमधल्या रोडबर्न फेस्टिवलला मेट्रोपोल ऑर्केस्ट्राबरोबर वाजवला, बत्तीस वर्षांनी हिशोब पूर्ण. मार्टिन मात्र ते ऐकायला नव्हता, २०१७ ला गेला.

बरं, परत वस्तूकडे. आवाजाबद्दल: रीमास्टर शहाण्यासारखं केलंय, उगाच आजच्यासारखं फुगवून कानठळ्या बसवणारं नाही, टेपचा खरखरीतपणा ठेवलाय पण बेस आणि ड्रम वेगळे कळतात. बूटलेगवर जे ऐकलंय त्याच्या तुलनेत काच पुसल्यागत. हेडफोनवर ऐका, छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर हे संगीत म्हणजे नुसती भणभण होते, शेजारी तक्रार करतील ते वेगळंच. बुकलेटमध्ये जुने फोटो आहेत, काळे-पांढरे, चामड्याचे पट्टे, काडतुसांचे बेल्ट, चेहऱ्यावर भयंकर गंभीर भाव, आणि बॅंडच्या लोकांनी स्वतः लिहिलेला मजकूर आहे, तो वाचाच. अक्षर मात्र बारीक, माझ्या वयाच्या माणसाने चष्मा शोधून ठेवावा.

तीन रेकॉर्डींचं व्हिनाइल पण आलं होतं पण ते आता जुन्या बाजारात ज्या भावात मिळतं ते बघून मी लॅपटॉप बंद केला. सीडी बाहेरून मागवावी लागते, शिपिंग आणि कस्टम धरून मूळ किमतीच्या जवळजवळ दुप्पट पडते, आणि ज्या विक्रेत्याकडून मी मागवली त्याने साध्या पाकिटात घालून पाठवली त्यामुळे केसचा कोपरा फुटलेलाच आला, मेल केली तर उत्तर नाही. तेव्हा मागवताना पॅकिंगबद्दल आधी विचारून घ्या. स्ट्रीमिंगवर फुकट ऐकता येतं म्हणाल तर येतं, पण बुकलेट नाही आणि मध्ये शफल लागलं की जून-डिसेंबरची सगळी गंमत मातीत.

ज्यांना यात खोल जायचंय त्यांच्यासाठी टॉमचं 'ओन्ली डेथ इज रिअल' नावाचं पुस्तक आहे, २०१० चं, मोठ्ठं, फोटोंनी भरलेलं, याच काळावर. आणि २०१९ पासून टॉम 'ट्रायम्फ ऑफ डेथ' याच नावाचा बॅंड घेऊन हेलहॅमरची गाणी स्टेजवर वाजवतोय, त्याची लाइव्ह रेकॉर्ड २०२३ ला आली, 'रिझरेक्शन ऑफ द फ्लेश'. ज्या बॅंडने उभ्या आयुष्यात एक कॉन्सर्ट केली नाही त्याची लाइव्ह रेकॉर्ड! ती ऐकायला सोपी आहे, आवाज प्रचंड, सगळं तालात. नवख्याने खरं तर तिच्यापासून सुरू करावं, मग मॉर्बिड टेल्स, मग ही.

डूम, ब्लॅक मेटल, स्लज यातलं काहीही तुम्ही ऐकत असाल किंवा स्वतः बॅंड चालवत असाल आणि प्रॅक्टिसला पैसे नाहीत, गिटार बरी नाही, ड्रमर उशिरा येतो म्हणून रडत असाल तर डोळे मिटून घ्या. फक्त 'सटॅनिक राइट्स'साठी घेतली तरी पैसे वसूल. घरात लहान मुलं असतील तर पहिल्या गाण्याआधी व्हॉल्यूम बघून घ्या.